पावसाळी मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत एवढं एक कराल का? मच्छीमार सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. चेअरमन, संचालक, बोटमालक, नाखवे आणि तांडेल मंडळी,
मच्छीमार सहकारी सोसायट्या, रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा

सप्रेम नमस्कार.

मी दाताची डॉक्टर. बंदराच्या मागच्या गल्लीत दवाखाना आहे, खाली बर्फवाला आणि वर मी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या दाढा मी काढल्यात, त्यामुळे ओळख फार सांगत नाही. माझे वडील तांडेल होते, म्हणजे बोट हाकणारे, म्हणून बोटीतल्या माणसांबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं धरून चालते. डिझेल परताव्यावर, पर्ससीन जाळ्यांवर, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर पत्रं तुम्हाला रोज येतात. हे पत्र तुमच्या माणसांच्या तोंडाबद्दल आहे. शिव्यांबद्दल नव्हे, खरोखरच्या तोंडाबद्दल.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या तोंडावर एक तांडेल दाढ दुखते म्हणून आले. दाढ काढली. काढताना डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीजवळ, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा दिसला. बरोबर तिथेच, जिथे ते तंबाखूचा बार ठेवत. मी म्हटलं, "काका, तंबाखू बंद करा आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या." चिठ्ठीवर तारीख लिहून दिली. ती तारीख नारळी पौर्णिमेनंतरची होती. बोटी नुकत्याच बाहेर पडलेल्या, पहिल्या मासळीला भाव, आणि मी एका तांडेलाला पंधरा दिवसांनी दवाखान्यात बोलावत होते! वडील असते तर त्यांनी माझ्याच डोक्यात टपली मारली असती. काका आले नाहीत. आले ते पुढच्या वर्षीची बंदी सरून दुसरी दिवाळीही उलटून गेल्यावर. तेव्हा चट्टा उरला नव्हता, त्याच्या जागी कडा फुगलेली जखम होती आणि जबड्याखाली गाठ. मुंबईला ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा गेला. काका आहेत, देवाची कृपा. दुपारी शेडच्या सावलीत बसून जाळी विणतात, पेज आणि मऊ भात खातात. त्यांच्याच परवानगीने, नाव न घेता लिहिते आहे. ते मला एवढंच म्हणाले, "बाय, तुझी तारीक ध्यानात होती गं. पण दुकत नव्हता ना काय."

दुखत नव्हतं. या चट्ट्याची सगळी गोम तिथेच आहे.

दोर ओढून तुमच्या हाताला घट्टे पडतात. दिवसभर पाण्यात काम केल्यावर तेच घट्टे पांढरे, फुगलेले दिसतात. तोंडाच्या आतलं अस्तर असंच आहे, फक्त फार नाजूक. तंबाखू, चुना, सुपारी, विडीचा धूर यांचा जाच रोज त्याच जागी होत राहिला की तिथलं अस्तर जाड होतं, आणि तोंडात कायम ओल असल्याने ते जाड झालेलं पांढरं दिसतं. फरक इतकाच की हाताच्या घट्ट्याचा कधी कॅन्सर होत नाही. तोंडातल्या या चट्ट्याला आम्ही ल्युकोप्लाकिया म्हणतो. १८७७ मध्ये हंगेरीतल्या श्विमर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने हे नाव रूढ केलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पांढरा पापुद्रा असा काहीसा होतो.

पण तोंडात दिसलेलं प्रत्येक पांढरं म्हणजे ल्युकोप्लाकिया नव्हे, हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या निम्मं बंदर घाबरून माझ्या जिन्यावर बसेल. स्वच्छ कापडाने पुसल्यावर साय निघावी तसं निघून आलं आणि खाली लाल दिसलं, तर बहुतेक वेळा ती बुरशी. डायबेटिस असलेल्यांना, दमा असून तोंडाने औषध ओढणाऱ्यांना, कवळी रात्रभर तोंडात ठेवणाऱ्यांना ती होते आणि औषधाने जाते. दोन्ही गालांच्या आत दात मिटतात त्या उंचीवर एक बारीक पांढरी रेघ असते, ती बहुतेकांना असते, तिला काही करायचं नाही. तुटक्या दाताची धार घासून पांढरं झालं असेल तर धार घासून गुळगुळीत केल्यावर ते विरतं. गालात जाळीच्या बारीक धाग्यांसारख्या पांढऱ्या रेघांची नक्षी दिसली तर तो वेगळा आजार, त्याला लायकेन प्लॅनस म्हणतात, त्यावरही नजर ठेवावी लागते. हे सगळं बाजूला काढून, पुसून न जाणारा आणि दुसऱ्या कुठल्याच नावात न बसणारा चट्टा उरतो, तो ल्युकोप्लाकिया. म्हणजे आरशात पाहून स्वतःच्या स्वतः ठरवायची ही गोष्ट नाही.

त्यातले किती पुढे कॅन्सर होतात? जगभरच्या अभ्यासांचे आकडे एकसारखे नाहीत, पण ढोबळ हिशेबाने शंभरात तीन ते दहा. बाकीचे तसेच राहतात किंवा कमी होतात. आता तुमच्यातला एखादा नाखवा म्हणेल, शंभरात नव्वद वाचतात तर कशाला ओरडतेस? पण शंभर बोटींपैकी पाचांच्या तळाला भेग आहे आणि कुठल्या पाच ते ठाऊक नाही, असं कळल्यावर तुम्ही शंभरच्या शंभर बोटी वर ओढून तळ ठोकून पाहाल की नाही?

काही खुणा मात्र जास्त वाईट. चट्टा सपाट, एकसारखा पांढरा असेल तर धोका कमी. खरबरीत, दाणेदार, चामखिळीसारखा उंच किंवा मधून मधून लाल असेल तर जास्त. नुसता लाल, मखमलीसारखा चट्टा दिसला तर थांबायचंच नाही, कारण तसल्या चट्ट्यांचा तुकडा तपासला तर बहुतेकांत कॅन्सर किंवा त्याच्या उंबऱ्यावरचे बदल आधीच झालेले असतात. जागाही पाहायची. जिभेची कड आणि जिभेखालची जमीन, या दोन जागा मला गालापेक्षा जास्त भीती घालतात. आणि ज्याला कसलंच व्यसन नाही त्याच्या तोंडात चट्टा आला तर "याला काय होणार" असं म्हणून सोडू नका, उलट तिथे जास्त जपायचं.

तुकडा तपासायचं म्हटलं की बंदरावर एकच वाक्य ऐकू येतं: लोखंड लागलं की उधळतं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या आजोळच्या एका माणसाने त्यापायी चार वर्षं काढली, आणि शेवटी लोखंड न लावताच ते उधळलं. तपासणी करताना जागा बधिर करून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा घेतात, एक-दोन टाके घालतात, आठवडाभरात जागा भरते. तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकड्यात पेशी बिघडू लागल्यात का आणि किती, ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. सौम्य, मध्यम, तीव्र अशी त्याची पायरी असते, आणि त्या पायरीवरून ठरतं की नुसती नजर ठेवायची, की लेझरने किंवा सुरीने चट्टा काढून टाकायचा. काढला तरी पुन्हा येऊ शकतो, म्हणून नंतरही दाखवत राहावं लागतं. चट्ट्यावर गोळ्या विकणारे बरेच आहेत. गोळ्यांनी रंग फिका पडू शकतो, पण त्याने कॅन्सर टळतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. तंबाखू सोडणं हे मात्र औषधासारखं लागू पडतं. बार ठेवायच्या जागी आलेला, सुरकुतलेला चट्टा पुष्कळांच्या तोंडातून तंबाखू सुटल्यावर दोन ते सहा आठवड्यांत निघून गेलेला मी पाहिलाय.

आता मुद्द्यावर येते. हे आठवडे आणायचे कुठून?

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरोघर फॉर्म भरते, त्यात तंबाखूचाही प्रश्न आहे, उपकेंद्रात तोंड बघायची सोयही आहे. पण आशाताई दारात येते तेव्हा नाखवा समुद्रात असतो. घरातली बाई त्याच्या वतीने सांगते, "होय, खातात थोडी." फॉर्म भरला जातो, तोंड कोणी बघत नाही. खलाशी तर बावीस-पंचवीस वर्षांचे, तिसाच्या आतले, म्हणजे यादीतच नाहीत. त्यांचा तंबाखू मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू झालेला असतो.

आणि तुमच्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. बोटी शाकारलेल्या, माणसं गावात, दुपारी पत्त्यांचे डाव. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि हिशेब घातला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा तोंड बघायचं. चट्टा दिसला तर तंबाखू बंद, दाताची धार घासायची, बुरशी असेल तर औषध. जूनच्या शेवटी पुन्हा बघायचं. गेला नसेल तर त्याच आठवड्यात तुकडा. रिपोर्टला आठ-दहा दिवस धरा. जुलैच्या मध्याला हातात कागद, पुढे काय ते ठरवायला आणखी पंधरा दिवस. १ ऑगस्टला टाके सुकलेला माणूस बोटीवर. एकही फेरी बुडत नाही. मी त्या काकांना दिलेली तारीख जूनमध्ये पडली असती तर ते आले असते, मला यात शंका नाही.

बंदीत तुम्ही इंजिन खोलता, पंखा काढून बघता, फटी बुजवता, जाळ्याचा एकेक हात पसरून भोकं शोधता. त्याच कामांच्या यादीत खलाशांची तोंडं घाला, एवढंच मागणं आहे.

बघायला फार लागत नाही. टॉर्च, लाकडी चपटी पट्टी, गॉझचा तुकडा. कवळी असेल तर काढायची. आधी ओठ, विशेषतः खालचा. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचा खालचा ओठ फुटतो, त्याची कड पुसट होते, खपली धरते. कातडी उन्हाने जळल्याचा तो प्रकार, त्यातूनही कॅन्सर होऊ शकतो, आणि मासेमारी करणाऱ्यांत तो जास्त दिसतो. मग दोन्ही गाल बाहेर ताणून हिरड्यांच्या खाचेपर्यंत. मग जीभ गॉझमध्ये धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नंतर टाळूला लावायला सांगून खालची जमीन. शेवटी टाळू. दोन मिनिटं. तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का तेही पाहायचं. जात नसतील आणि तिखट कालवण झोंबत असेल, तर तो सुपारीचा आजार. अस्तर आतून दोरासारखं आखडतं आणि ते आखडलेलं पुन्हा पूर्ण सैल होत नाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर आपल्या सगळ्यांचं प्रेम आहे, माझंही आहे, पण तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच नक्की केलंय.

हे बघायला डॉक्टरच हवा असंही नाही. केरळमध्ये तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेले कार्यकर्ते ठराविक वर्षांनी घरोघर लोकांची तोंडं बघत होते. २००५ मध्ये त्याचे निकाल आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. टॉर्च आणि डोळे, दुसरं काही नाही. आपल्या बारावी झालेल्या मुली हे एका दिवसात शिकतील. शिकवायचं काम माझं.

बायकांचं वेगळं सांगते, कारण त्या तुमच्या कुठल्याच यादीत नसतात. लिलावाला बसणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या, टोपली घेऊन गावोगाव फिरणाऱ्या. विचारलं, तंबाखू खाता का, तर पटकन म्हणतात, "छे गो, फक्त मशेरी." माझी आई रोज पहाटे चुलीवर तव्यात तंबाखूची पानं भाजायची. पानं काळी होऊन कडक झाली की खलबत्त्यात कुटायची, आणि तो वास अंगाला शाळेपर्यंत सोबत यायचा. डाव्या हाताच्या तळव्यावर पूड घेऊन ती उंबऱ्यावर बसायची, बोट हिरडीवर फिरत राहायचं, तोवर तिला हाक मारायची नाही असा घरचा नियम होता. दिवसातली तिची तेवढीच काय ती उसंत. म्हणून "मशेरी सोडा" असं मी कुठल्याही मावशीला दरडावून सांगत नाही. पण भाजली म्हणून तंबाखूची राख होत नाही, तो तंबाखूच राहतो, आणि दिवसातून एकदाची चार वेळा कधी होते ते कळतही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ होते ३.८ टक्के, आणि तोंडात तंबाखू ठेवणारे किंवा हिरड्यांना लावणारे २४.४ टक्के. आपल्या राज्याचा तंबाखू धुरात दिसत नाही, तो गालात लपलेला असतो.

आता थोडं कडू बोलते. बऱ्याच बोटींवर फेरीच्या सामानात तांदूळ, मसाला, कांदे-बटाट्यांबरोबर तंबाखूच्या पुड्यांची माळ आणि चुन्याच्या ट्यूब चढतात, आणि तो खर्च प्रत्येकाचा वाटा पाडण्याआधी सगळ्यांच्या कमाईतून वजा होतो. म्हणजे न खाणाराही त्याचे पैसे भरतो, आणि नवा पोरगा पहिल्याच रात्री शिकतो. का चढतात ते मला ठाऊक आहे. रात्री तीनला जाळं ओढायचं असतं, झोप येऊन चालत नाही, पोटात काही नसतं, डिझेलच्या वासाने मळमळतं. माझ्या वडिलांनीही याच कारणाने खाल्ली. मी एकदम बंदी घाला म्हणत नाही, ती पाळली जाणार नाही. फक्त सामायिक खर्चातून ती काढा. ज्याला हवी त्याने स्वतःच्या खिशातून घ्यावी. जास्तीच्या चहाची पूड, गूळ, शेंगदाणे चढवा. सोडायचं मनात असेल त्याला दोन मिलिग्रॅमचा निकोटिनचा च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो बडीशेपेसारखा चावत बसायचा नसतो, दोन-चारदा चावून गालात ठेवायचा. तंबाखू सोडल्यावरची चिडचिड पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते, तीन-चार आठवड्यांत उतरते. ती चिडचिड भर समुद्रात होण्यापेक्षा घरात, बंदीत झालेली बरी. घरच्यांनी महिनाभर सांभाळून घ्यावं. फोनवर मदत घ्यायची तर राष्ट्रीय क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

नेपाळी खलाशांचं गणित या ६१ दिवसांत बसत नाही. बंदी लागली की ते गावी जातात, ते थेट जुलैच्या शेवटी परततात. त्यांच्यासाठी मेचा शेवटचा आठवडा धरा, हिशेब करून पैसे हातात देता त्याच दिवशी. चट्टा दिसला तर मोबाईलवर फोटो काढून, हिंदीत दोन ओळी लिहून कागद हातात द्यायचा, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात दाखवता येईल. परत आल्यावर बोटीवर चढायच्या आधी पुन्हा एक नजर. उचल देऊन तुम्ही माणूस वर्षभर बांधून घेता, तर त्याच्या तोंडाची दोन मिनिटं तुमच्याकडे लागतात.

एक भीती अनेकांच्या मनात असेल: चट्टा निघाला म्हणून खलाशाला काढून टाकतील. म्हणून कागद फक्त ज्याच्या त्याच्या हातात जाईल. सोसायटीला मी किती जणांना बघितलं तेवढाच आकडा देईन, नावं देणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मागायला येऊ नये.

मला तुमच्याकडून लागेल ते असं. जेटीजवळची शेड, दोन बाकं, एक टेबल, पाण्याचा ड्रम आणि बसायला आडोसा, कारण चारचौघांत तोंड उघडायला बायका लाजतात. पहिल्या दिवशी चेअरमननी आणि दोन वयस्क तांडेलांनी सगळ्यांसमोर आधी तोंड उघडावं, मग पोरं आपोआप रांगेत येतील. जाळी विणणारे काका म्हणालेत की ते शेडच्या दारात बसतील. त्यांच्याकडे बघून कुणाला काही समजावायची गरज पडत नाही. गॉझ, पट्ट्या, हातमोजे माझे. तुकड्याच्या तपासणीसाठी पुढे पाठवायची सोय मी करते, जायच्या-यायच्या एसटीच्या भाड्याचं तेवढं सोसायटीने बघावं.

मेची मीटिंग दर वर्षी परवाना आणि परताव्यातच संपते, हे मला ठाऊक आहे. त्यात पाच मिनिटं मला द्या, मी येऊन बोलते. नाही जमलं तर निदान शेडची चावी ३१ मेच्या संध्याकाळपर्यंत बर्फवाल्याकडे ठेवा. १ जूनला सकाळी आठ वाजता मी तिथे असेन.

आपली,
बर्फवाल्याच्या माडीवरची दाताची डॉक्टर